तेवीस कॅसेटी, नोंद तिसरी: व्हीसीआर आधी, कार्ड शेवटी

मागच्या नोंदीला दोन महिने झाले. घरच्या तेवीस जुन्या व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटींपैकी सात कॉम्प्युटरवर उतरल्या आणि आता कुठे सगळी जोडणी बसली. म्हणून यंत्रं कशी निवडली ते सविस्तर लिहितो. माझे पैसे चुकीच्या टोकाकडून खर्च झाले, तुमचे तसे होऊ नयेत.

सगळ्यात आधी मी यूएसबीचं स्वस्त डोंगल (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं छोटं कॅप्चर कार्ड) मागवलं होतं. मावशीच्या लग्नाची १९९३ची कॅसेट लावली तर चित्राचा वरचा पट्टा एका बाजूला वाकलेला, मधूनच पडदा निळा आणि पाऊण तासानंतर ओठ पुढे, मंगलाष्टकं मागे. कॅसेट गेली असं समजून आईला तसं सांगूनही टाकलं. तिचा चेहरा पाहून रात्रभर वाचत बसलो, तेव्हा कळलं की कॅसेट धडधाकट आहे.

व्हीएचएसचा ड्रम, म्हणजे फीत वाचणारे हेड बसवलेलं फिरतं नळकांडं, आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीत सेकंदाला २५ फेरे घेतो आणि एका फेऱ्यात ६२५ रेषांची एक फ्रेम, म्हणजे एक पूर्ण चित्र, वाचतो. फीत जरा ताणलेली असली किंवा यंत्राची चाल डगमगली, की प्रत्येक रेषा किंचित लवकर किंवा उशिरा सुरू होते. ट्यूबचा टीव्ही हे निभावून न्यायचा. कॅप्चर कार्डाला ते जमत नाही. रेषा वेळेवर आली नाही की ते फ्रेम गाळतं, आवाज मात्र चालूच राहतो. दर मिनिटाला चार-दोन फ्रेम गळाल्या तरी तासाभरात ओठ आणि आवाज यांची फारकत होते.

म्हणून निवड फितीपासून सुरू करायची. फीत वाचणारा व्हीसीआर आधी, त्यातून आलेला सिग्नल सावरणारं यंत्र मग, आणि कार्ड सगळ्यात शेवटी.

व्हीसीआरसाठी सहा आठवडे फिरलो. नवा मिळायचा प्रश्नच नाही, जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं आणि विषय संपला. नागपुरात बर्डीवर दोन दुकानांत नुसतं हसले. इतवारीत एक काका भेटले, चाळीस वर्षं हेच काम करणारे. घरचा जुना डेक (व्हीसीआर) त्यांनी उघडला, बेल्ट आणि पिंच रोलर (फीत ओढणारं रबरी चाक) बदलला आणि माझ्या हातातली कापसाची काडी पाहून म्हणाले, "हेड कापसानं नाही पुसायचं भाऊ, धागा अडकून बसते तिथं. अन् वर-खाली तर घासायचंच नाही." जाड पांढऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला हलकेच टेकवायची, हात स्थिर ठेवायचा आणि ड्रम बोटाने फिरवायचा. कागदावर तपकिरी रेघ उमटली तेव्हा तीस वर्षांचं लोहचूर्ण डोळ्यांनी पाहिलं.

तो डेक आता तपासणीला ठेवलाय. मुख्य काम करतो तो पुण्याच्या एका छंदी मित्राकडून घेतलेला एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) डेक, एस-व्हिडिओ आउटवाला, म्हणजे रंग आणि उजेड वेगवेगळ्या तारांनी बाहेर देणारा. आपल्या कॅसेटी साध्या व्हीएचएस असल्या तरी हे आउट उपयोगी पडतं. फितीवर रंग आणि उजेड वेगवेगळे नोंदलेले असतात. पालमध्ये रंग साधारण ६२७ किलोहर्ट्झवर, उजेड ३.८ ते ४.८ मेगाहर्ट्झच्या एफएममध्ये. पिवळ्या पिनेच्या केबलसाठी डेक ते दोन्ही एकत्र कालवतो आणि कार्ड पुन्हा वेगळे करत बसतं. एस-व्हिडिओमध्ये हा कालवाकालवीचा टप्पाच येत नाही. मावशीच्या शालूच्या काठावर रंगीत किडे वळवळायचे, ते गेले.

खरा फरक पडला तो मधल्या यंत्राने. अस्सल फुल-फ्रेम टीबीसी, म्हणजे रेषांची आणि फ्रेमची वेळ सावरणारं खास यंत्र, माझ्या आवाक्याबाहेरचा. त्याऐवजी पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर घेतला. त्यावर रेकॉर्डिंग करायचं नाही, सिग्नल फक्त त्यातून आरपार न्यायचा. आत जाताना तो प्रत्येक रेषा जागेवर बसवतो. वाकलेला पट्टा सरळ झाला आणि त्या कॅसेटच्या तीन तासांत गळालेल्या फ्रेम शून्य. त्याचं नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे पुसणारी सोय) तेवढं बंद ठेवा, नाहीतर चेहऱ्यांना मेण फासल्यासारखं दिसतं.

आणि मग कार्ड. मी हॉपॉजचं यूएसबी-लाइव्ह२ घेतलं. एस-व्हिडिओ आहे आणि आवाजही त्याच यंत्रातून आत येतो. आवाज लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून घेतला तर दोन घड्याळं वेगवेगळी चालतात आणि तासाभराने पुन्हा तीच फारकत. एचडीएमआय करून देणाऱ्या डब्या मात्र टाळा. चित्र चौकोनातून ताणतात, इंटरलेसिंगची (एका फ्रेमच्या सम-विषम रेषा आळीपाळीने दाखवण्याची) वाट लावतात आणि १०८०चा आकडा दाखवतात. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा. ७२० बाय ५७६ पुरेसं आहे.

कॅप्चर व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये, हफवाययूव्ही या तपशील न गमावता फाइल दाबणाऱ्या कोडेकने, इंटरलेस्ड जसंच्या तसं. न दाबता घेतलं तर तासाला साधारण ७५ जीबी लागतात, या कोडेकने त्याच्या निम्म्याच्या आसपास. डीव्ही (डिजिटल कॅमकॉर्डरचा फॉरमॅट) तासाला १३ जीबीत मावतं, पण पालच्या डीव्हीत रंगाची नोंद अर्धीच होते आणि लग्नातल्या लाल-हिरव्यावर मला ती काटकसर नको होती. जपायची प्रत एफएफव्ही१ या तसल्याच काही न गमावणाऱ्या कोडेकमध्ये, दोन डिस्कवर. घरच्यांसाठी क्यूटीजीएमसी या इंटरलेसिंग काढणाऱ्या स्क्रिप्टने सेकंदाला ५० फ्रेमची वेगळी छोटी फाइल.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. कॅप्चर सुरू करण्याआधी हिस्टोग्राम (चित्रातला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) उघडा. त्या काळात व्हिडिओवाले हॅलोजनचा झोत थेट नवरा-नवरीवर मारायचे. माझ्या पहिल्या कॅप्चरमध्ये अंतरपाट म्हणजे नुसतं पांढरं ठिगळ. कार्डाचा कॉन्ट्रास्ट उतरवून तीच जागा पुन्हा घेतली आणि कापडावर कुंकवाचं स्वस्तिक दिसलं, ते धरणाऱ्या आजोबांची बोटंसुद्धा. फितीवर ते होतंच, कार्ड वरचा उजेड कापून टाकत होतं. कार्डाने एकदा कापलेला उजेड नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही.

आता नागपूरकरांसाठी. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे बुरशीचं भय नाही, असं मी धरून चाललो होतो. आमच्या कॅसेटी कित्येक वर्षं समोरच्या खोलीतल्या कपाटात होत्या आणि त्याच खोलीच्या खिडकीला कूलर. मार्च ते जून वाळ्याच्या ताट्यांमधून ओली हवा आणि पुढे पावसाळा. चार कॅसेटींच्या खिडकीतून गुंडाळीवर पांढरी जाळी दिसते. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या निरोगी कॅसेटवर जाते. त्या चार मी झिपच्या पिशवीत सिलिका जेलसोबत वेगळ्या ठेवल्या आहेत. कूलर चालू असलेल्या खोलीत व्हीसीआरही लावत नाही, दमट हवेत फीत ड्रमला चिकटते. उरलेल्या कॅसेटी लावण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळून घेतो, म्हणजे ताण सारखा होतो.

चित्रात आडवे काळे पट्टे सरकताना दिसले तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. माझे तेवढ्यानेच गेले.

आठव्या कॅसेटवर आईच्या अक्षरात 'तान्हा पोळा ९६' लिहिलंय. त्यात माझा लाकडी नंदी आहे, आजोबांनी चाकं बसवलेला. नेमकी तीच बुरशीच्या चारांत आहे. तिला हात लावीन तो दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, आणि आधी काकांकडून एक मोडीतला डेक साफसफाईसाठी आणून. तोवर नववी लावतो, तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही.