बेलीझ: आधी बेट, मग जंगल

मध्य अमेरिकेतला बेलीझ नकाशावर एवढासा दिसतो. पुणे आणि कोल्हापूर हे दोन जिल्हे मिळून जेवढे होतात, साधारण तेवढाच. म्हणून आठवड्यात सगळा देश उरकू असं वाटतं आणि बेत तिथेच फसतो. इथे अंतरापेक्षा बोटीच्या वेळा, जागोजाग थांबणारी बस आणि पाऊस जास्त वेळ खातात. फेब्रुवारी ते एप्रिल हा कोरडा काळ धरा, एक बेट आणि पश्चिमेचं, जंगलाजवळचं सान इग्नासिओ हे गाव एवढ्यावर भागवा, आणि बेट आधी करा.

कारण डायव्हिंग. स्कूबा डायव्हनंतर विमानात बसायच्या आधी निदान 18 तास जाऊ द्यावे लागतात, नाहीतर अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. ग्रेट ब्लू होल या समुद्रातल्या गोल, खोल विवरावर घिरट्या घालणाऱ्या छोट्या विमानालाही हे लागू आहे. लोक सकाळी डायव्ह मारून दुपारी त्याचं बुकिंग करतात, ते चूक.

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. मात्र अमेरिकेचा वैध मल्टिपल एंट्री व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर वेगळा काढावा लागत नाही. चेक-इन काउंटरवर हे माहीत असेलच असं नाही, तेव्हा निघण्याआधी नियम पुन्हा तपासून त्याची छापील प्रत जवळ ठेवा.

विमानतळ लेडीव्हिलला, बेलीझ सिटीपासून साधारण 16 किलोमीटरवर. टॅक्सीला मीटर नसतो. हिरवी नंबरप्लेट बघा आणि बसण्याआधी भाडं ठरवा. ठरवताना ‘कुठले डॉलर?’ हे विचाराच. 1 अमेरिकन डॉलर म्हणजे 2 बेलीझ डॉलर, हा दर पक्का आहे आणि दोन्ही चलनं सगळीकडे चालतात. नुसतं ‘पन्नास’ ऐकून नोट काढली की दुप्पट पैसे जातात. फाटक्या किंवा लिहिलेल्या अमेरिकन नोटा कुणी घेत नाही.

बेलीझ सिटीहून ‘की कॉकर’ या बेटाची बोट पाऊण ते एक तास घेते. शेवटची संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सुटते, म्हणून विमान चारनंतर उतरत असेल तर ती रात्र शहरातच काढा. बोटीत मागे बसा, पुढे फार आपटतं. ब्लू होलला जायला खुल्या समुद्रातून दोन तासांहून जास्त लागतात आणि 40 मीटर खोलीवर मोजकीच मिनिटं मिळतात. अनुभवी डायव्हर नसाल तर ते सोडा. होल चान या राखीव सागरी क्षेत्राच्या उथळ पाण्यात स्नॉर्केल लावून शार्क आणि रे मासे निवांत दिसतात. अंगात पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट हवा, पाठ भाजते.

सान इग्नासिओला जाणाऱ्या बस म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या स्कूलबस. पैसे कंडक्टर गाडीत घेतो, सुटे ठेवा. एक्सप्रेस मिळाली तर तास तरी वाचतो.

तिथलं खरं आकर्षण आक्तुन तुनिचिल मुकनाल ही इथल्या प्राचीन माया लोकांची गुहा. परवानाधारक गाइडशिवाय प्रवेश नाही. जंगलातून पाऊण तास चाल, वाटेत तीनदा नदी ओलांडायची आणि गुहेच्या तोंडाशी पोहत आत जायचं. आतल्या कोरड्या दालनात बूट काढून फक्त मोज्यांवर चालतात, त्यामुळे मोजे विसरलात तर पंचाईत. 2012 साली एका पर्यटकाचा कॅमेरा हातातून सुटून प्राचीन कवटीला भोक पडलं, तेव्हापासून कॅमेऱ्याला बंदी आहे. जोराचा पाऊस झाला की गुहा बंद ठेवतात, म्हणून हे बुकिंग सान इग्नासिओतल्या पहिल्याच दिवसाचं करा, म्हणजे हुकलं तरी दुसरा दिवस हाताशी राहतो. तो मोकळा मिळाला तर शुनानतुनिच हे माया लोकांच्या जुन्या नगराचे अवशेष बघा. तिथे हाताने फिरवायच्या चाकावर चालणारा तराफा गाडीसकट नदीपार नेतो.

तिकाल या प्राचीन माया नगराची सहल मोहात पाडते, पण तिकाल शेजारच्या ग्वाटेमालात आहे. त्या देशाच्या प्रवेशाचे नियम वेगळे तपासा. बेलीझचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर सीमा ओलांडली की तो संपला.

वीज 110 व्होल्ट आणि सॉकेट अमेरिकन पद्धतीचे. मोबाइलचा चार्जर चालतो, पण आपली 220 व्होल्टची किटली धड तापत नाही.

शाकाहारींनी ‘राइस अँड बीन्स’ बघून हुरळून जाऊ नये. भात नारळाच्या दुधात शिजतो हे खरं, पण घेवड्यात बऱ्याचदा खारवलेली डुकराची शेपटी असते. ‘पिगटेल आहे का?’ असं स्पष्ट विचारा, नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. नाश्त्याला फ्राय जॅक मागा, आपल्या पुरीचाच जाडसर भाऊ. टेबलावरचा हाबानेरो मिरचीचा सॉस मात्र आधी थेंबभरच घ्या.