पुढचं चाक बदललं आणि चेअर जड झाली

व्हीलचेअर शर्यतीतली सकाळची ४०० मीटरची पात्रता फेरी संपवून ती वॉर्म-अप ट्रॅकवर आली आणि ग्लोव्हज काढायच्या आधीच म्हणाली, "दादा, चेअर जड लागतेय. पुश मारते, पण वेग टिकत नाही." अंतिम फेरी संध्याकाळी होती. इतकी वर्षं पदकं जिंकणारी खेळाडू असं सांगते तेव्हा आधी चेअर तपासायची, हात नव्हे.

आदल्या रात्री एकच गोष्ट बदलली होती. पुढच्या चाकाच्या ट्यूब्युलर टायरला, म्हणजे रिमवर गोंदाने चिकटवलेल्या टायरला, काप गेला होता. नवा टायर चिकटवला तर गोंद पक्का व्हायला जवळपास एक दिवस लागतो, आणि कच्च्या गोंदावर जोरात वळण घेतलं की टायर रिमवरून निघतो. म्हणून तयार सुटं चाक चढवलं, २० इंचीच्या जागी १८ इंची. नियमात पुढचं चाक टायरसकट ५० सेंटीमीटरपर्यंत चालतं, त्यामुळे तपासणीत कुणी अडवलं नाही.

बेअरिंग मोकळं, मागच्या टायरांत हवा बरोबर. मग टेप घेतला. तिला चेअरमध्ये बसवूनच, कारण वजनाखाली माप बदलतं. ॲक्सलच्या उंचीवर दोन्ही मागच्या रिममधलं अंतर पुढून मोजलं, मग मागून. पुढून सहा मिलिमीटर कमी. चाकं पुढे आत वळलेली, म्हणजे टो-इन. दोन्ही टायर सरळ लोळायचे सोडून सतत आडवे घासत होते.

मूळ कॅम्बरमध्ये, म्हणजे चाकांच्या कलात आहे. मागची चाकं वरून आत साधारण १२ अंश कललेली असतात. ती उभी असती तर चेअरचं नाक खाली गेल्याने दिशेला काही झालं नसतं. इथे पुढचा ॲक्सल २५ मिलिमीटर खाली आला, पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर सुमारे ११०० मिलिमीटर, म्हणजे फ्रेम सव्वा अंश झुकली. १२ अंशांच्या कलामुळे त्यातला पाचवा हिस्सा प्रत्येक चाकाच्या दिशेत उतरला. पाव अंश! १९७५ साली बॉब हॉल यांनी बोस्टन मॅरेथॉन व्हीलचेअरवर २ तास ५८ मिनिटांत पार केली. २०२१ मध्ये जपानमधल्या ओइता इथे व्हीलचेअर मॅरेथॉनला मार्सेल हुग यांना १ तास १७ मिनिटं ४७ सेकंद लागले. दंडातल्या बळाबरोबर अशा पाव-पाव अंशांचाही त्यात वाटा आहे, हे मी ठामपणे सांगतो.

मागची चाकं जिच्या टोकांना बसतात त्या आडव्या नळीच्या, कॅम्बर ट्यूबच्या, क्लॅम्पचे बोल्ट सैल केले, फ्रेम झुकली होती तेवढीच ट्यूब मागे फिरवली, मोजलं, बोल्ट आळीपाळीने आवळले. आवळताना ट्यूब सरकली, माप दोन मिलिमीटरनी चुकलं. पुन्हा सगळं. तिसऱ्यांदा फरक एक मिलिमीटरच्या आत आला.

राहिला कॉम्पेन्सेटर. वळणावर शिरताना ती त्याला तळव्याने ठोकते आणि पुढचं चाक ठरलेल्या कोनात वळतं. पहिल्या लेनच्या आतल्या कडेची त्रिज्या ३६.५ मीटर, म्हणजे चाकाला पावणेदोन अंशांच्या आसपास वळण लागतं. बाहेरच्या आठव्या लेनला १.४ पुरतात. सकाळी तिसरी लेन होती, संध्याकाळी सातवी. त्याच लेनच्या वळणावर सोडून पाहिलं. चेअर बाहेर सरकली तर कोन वाढवायचा, आत ओढली तर कमी करायचा. चौथ्या खेपेला ती हात न लावता रेषेला धरून गेली. "आता पळतेय," एवढंच म्हणाली आणि शर्यतीआधी हजेरी होते त्या कॉल रूमकडे निघाली.

ती गेल्यावर २० इंची चाकाची रिम साफ करून गोंदाचा पहिला थर लावला. ट्यूबची जुनी जागा मार्करने रेघ मारून ठेवली होती. ते चाक परत चढवताना ट्यूब तिथे न्यायची राहिली, तर आता उलट टो-आउट होईल, चाकं पुढे बाहेर वळतील.