मिलानमध्ये गव्हाशिवाय

सिलिअकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर झिजवणाऱ्या आजाराचं, निदान झालं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "अगं, पिझ्झा-पास्त्याच्या देशात तू आता खाणार तरी काय?" खरं सांगते, या आजाराच्या माणसाची इतकी काळजी घेणारे देश थोडेच असतील. इथे २००५ साली खास कायदा झाला. निदान झालेल्याला ग्लूटेनमुक्त खाण्यासाठी सरकारी आरोग्यसेवेतून दरमहा ठरावीक रक्कम मिळते. मक्याचा, तांदळाचा पास्ता अगदी औषधांच्या दुकानातही मिळतो. हॉटेलात "सेंझा ग्लूटिने" (ग्लूटेनशिवाय) म्हटलं, की वेटर आधी विचारतो, "चेलियाका?" म्हणजे सिलिअक आहे का? हो म्हटलं, की पास्ता वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पाण्यात उकळतात. कारण कणभर गहूसुद्धा आतड्याला पुरतो.

निदानाआधी पोट डब्ब व्हायचं, जुलाब थांबत नसत, गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नव्हतं. खाल्लेलं अंगीच लागत नव्हतं. गहू बंद केल्यावर पोटफुगी लवकर उतरली, पण दूध बरेच दिवस सोसलं नाही. दूध पचवणारं एन्झाइम लहान आतड्याच्या ज्या अस्तरात तयार होतं, तेच झिजलेलं असतं. ते भरून यायला वेळ लागतो. बिनदुधाचा चहा मला फार जड गेला!

भाकरी आपली आहेच. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळं चालतं. घोळ होतो तो गिरणीत. गव्हावर ज्वारी दळली, की जात्यात राहिलेली कणीक त्या पिठात उतरते. डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. भाजणीत आणि मेतकुटातही गहू घालतात. म्हणून आईने आता घरघंटी घेतली आहे, आणि तिच्यात गहू टाकायचा नाही हे घरातल्या सगळ्यांना बजावलं आहे.

एक कळकळीची विनंती. पोट बिघडतंय म्हणून परस्पर पोळी बंद करू नका. आधी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करा, लागली तर एंडोस्कोपी. गहू सोडून काही काळ गेला, की रक्तातल्या अँटीबॉडी उतरतात आणि आजार असूनही तपासणीत दिसत नाही. आणि घरात एकाला निघाला, तर आईवडील, भावंडं, मुलं यांनीही तपासून घ्यावं, त्रास नसला तरी. माझ्या धाकट्या भावाची तपासणी पुढच्या आठवड्यात पुण्यात आहे.