शेल्फ निसटतं कसं ते फ्रीजच्या आत मोबाईल ठेवल्यावर कळलं

आमचं वर्कशॉप पुण्याजवळ मंतरवाडीच्या बाजूला आहे. टेम्पो ट्रॅव्हलरमधल्या सीटा काढायच्या आणि तिथे बेड, ओटा, पाण्याची टाकी, वायरिंग सगळं बसवून राहण्यासारखी गाडी करून द्यायची हे आमचं काम. पावसाळ्याच्या जरा आधी एक काका-काकू त्यांची गाडी घेऊन आले, गाडी दुसरीकडून बनवून घेतलेली, सुतारकाम वगैरे चांगलं होतं, तक्रार फक्त फ्रीजची.

झालं असं होतं की हे लोक आजींना घेऊन पाचगणीला निघाले, खंबाटकी झाला, वाई झाली, पसरणी घाट चढून वर पोचले आणि काकूंनी दही काढायला फ्रीज उघडला तर मधलं काचेचं शेल्फ सामानासकट अंगावर आलं. ती काच टफन, म्हणजे तापवून मजबूत केलेली असते म्हणून लांब धारदार तुकडे होत नाहीत, बारीक खडे होतात, पण ते खडे इतके पसरतात की गाडी आमच्याकडे आली तेव्हाही मला गादीच्या शिवणीत सापडत होते. काकूंच्या पायाला लागलं होतं. आणि त्याच शेल्फवर आजींचं इन्सुलिन होतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, फ्रीज घेतला होता तोच मुळात त्यासाठी, आणि त्याच बाटल्या फुटल्या. रविवारची संध्याकाळ, काका मेडिकल शोधत फिरले. हे ऐकल्यावर काम उरकून टाकायचं असं वाटलंच नाही, नीट मुळापर्यंत जायचं ठरवलं.

काकांचं म्हणणं होतं, "अहो, दाराला लॉक बसवलंय, रस्त्यात दार एकदाही उघडलं नाही, मग शेल्फ निघालं कसं?" आणि उपाय पण त्यांनीच ठरवून आणलेला, दोन्ही बाजूंनी स्क्रू मारून टाका. मी म्हणलं काका, स्क्रू अजिबात नको. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये गॅसच्या नळ्या बाजूच्या भिंतीतूनच फिरवलेल्या असतात, बाहेरून काही दिसत नाही. मागच्या स्टिकरवर आर-६००ए लिहिलं होतं, म्हणजे आयसोब्युटेन, तो पेट घेणारा गॅस आहे. बंद गाडीत, शेजारी गॅसची शेगडी, तिथे ड्रिलने नळीला भोक पडलं तर काय होईल. आणि नळी वाचली तरी त्या भोकातून ओल आतल्या फोममध्ये जाते आणि फ्रीजची थंडी धरायची ताकद कमी होते.

मग एक केलं. काकांनी आणलेलं नवीन शेल्फ जागेवर बसवलं, पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ठेवल्या, खालच्या कप्प्यात मोबाईल लाईट लावून व्हिडिओ चालू करून पक्का बांधला, दार लॉक केलं आणि गाडी वडकीवरून दिवे घाटात घेतली, वर जाऊन परत खाली.

खाली आल्यावर आधी फटीतून हात घालून शेल्फ धरलं आणि मगच दार पूर्ण उघडलं. शेल्फ दाराला टेकूनच उभं होतं. व्हिडिओ बघितला तर सगळं समजलं. घरी शेल्फ धुवायला काढताना आपण काय करतो, जरा वर उचलतो आणि पुढे ओढतो. नुसतं ओढलं तर मागची अडक त्याला सोडत नाही. रस्ता नेमकं हेच करतो. स्पीडब्रेकरवर मागची बाजू बोटभर उचलली गेली, अडक सुटली, पुढच्या डाव्या वळणाला शेल्फ दाराकडे सरकलं. डावंच वळण का, तर फ्रीज डाव्या भिंतीला आणि दार उजवीकडे पॅसेजमध्ये उघडणारं, गाडी डावीकडे वळली की आतलं सगळं उजवीकडे फेकलं जातं. त्यात फ्रीज मागच्या चाकांच्याही मागे बसवलेला, तिथे दणका सगळ्यात जास्त बसतो. दाराच्या लॉकने फक्त एवढं केलं की शेल्फ दाराआड अडकून राहिलं, आणि दार उघडणाऱ्याच्या अंगावर आलं. मला विचाराल तर नुसतं दाराला लॉक लावून फ्रीज प्रवासाला तयार आहे म्हणणं धोक्याचं आहे, शेल्फला वर उठू न देणं हे खरं काम.

त्यासाठी बोहरी आळीतून जाड पांढरा चॉपिंग बोर्ड आणला, भाजी कापायचा असतो तोच. तो खाण्याच्या वस्तूंना चालतो, ओल धरत नाही, करवतीने छान कापला जातो. शेल्फच्या फ्रेमची वरची कड आणि भिंतीतल्या वरच्या मोकळ्या खाचेची खालची बाजू यात जेवढं अंतर, तेवढे चार ठोकळे कापले, दोन पुढे दोन मागे, खाली पातळ रबर चिकटवलं. ठोकळा अंगठ्याने दाबला की बसतो, ओढला की निघतो, म्हणजे काकूंना धुवायला शेल्फ काढता येतं. काचेच्या कडेला कुठेही धातू लागू दिला नाही, टफन काच मधोमध बरंच सहन करते पण कडेला छोटासा टोला लागला तरी सगळी फुटते. सामान सरकू नये म्हणून पुढे बाटलीच्या अर्ध्या उंचीवर स्प्रिंगचा रॉड, टोकाला रुंद रबर, आणि तो पण बेतानेच ताणायचा, नाहीतर आतलं प्लॅस्टिक फुगतं. शेल्फवर जाळीची रबर मॅट, पण पुढे-मागे फट सोडून, तिथूनच थंड हवा खाली जाते. इन्सुलिनला झाकणाचा वेगळा डबा दिला आणि तो बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवायला सांगितलं, कारण इन्सुलिन गोठलं की वापरायचं नसतं.

परत तोच घाट, तसाच मोबाईल आत. बाटल्या थरथरत होत्या, शेल्फ हललं नाही. काका तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते.

नंतर ताम्हिणीने दिवेआगरला गेले तेव्हा काकूंचा फोन आला, शेल्फ जागच्या जागी आहे पण दारातला बाटल्यांचा रॅक निघून आलाय. मी म्हणलं काकू, तो पण वर उचलूनच निघतो, तेव्हा गाडी चालू असताना दारात जड काही ठेवू नका, दूध-पाणी सगळं खालच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये, आणि परत आलात की गाडी घेऊन या, रॅकला वरून पट्टी लावून देतो.