आसईची लढाई आणि माळ्यावरचे खोके

रविवार, संध्याकाळ

दुपारपासून पाऊस धरून आहे. अशा हवेत लॅकर रंगाला हात लावायचा नाही, हे मुंबईत विमानं-रणगाड्यांची प्लास्टिकची मॉडेलं करणाऱ्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. थर वाळताना त्यात बाष्प अडकतं आणि काळ्याभोर रंगावर सायीसारखा पांढुरका पापुद्रा धरतो. तेव्हा एअरब्रश गुंडाळून ठेवला आणि माळा आवरायला काढला.

मी शिडीवर, बायको खाली. एकेक खोका, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचं एकेक किट, हातात घेताना ती त्यावरची किंमत मोठ्याने वाचायला लागली. येन, पौंड, युरो, बाथ, परत येन. "रुपयातला एकही नाही?" मग म्हणाली, "आणि हे सगळं करणार कधी आहेस?" म्हटलं, निवृत्तीनंतर. "तेव्हा डोळे कुणाचे आणणार?"

डोळ्यांचं माझ्याकडे उत्तर नाही. रुपयांचं आहे, पण ते ऐकायला ती थांबली नाही, म्हणून इथे लिहितो. आपल्या कस्टम्सच्या दरपत्रकात ९५०३ क्रमांकाचा एक मथळा आहे. तीनचाकी सायकल, बाहुली, कोडी आणि स्केल मॉडेल हे सगळं त्याच्या एकाच ओळीत बसवलंय. या ओळीवरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. मध्येच १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्र सक्तीचं झालं. हा नियम चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे, आणि बऱ्याच किटांच्या खोक्यांवर 'चौदा वर्षांपुढील' असं छापलेलंच असतं. पण वर्षाला दोन-चार पेट्या मागवणारा छोटा दुकानदार हा वाद घालत बंदरावर किती दिवस बसेल? देशी खेळणीवाल्यांना आडोसा हवा होता हे मला पटतं. फक्त त्या आडोशात बाहुलीबरोबर माझं विमानही अडकलं.

तसं पूर्वीही काही सुकाळ नव्हता. लहानपणी किट म्हणजे गल्फमधून येणारा मामा. तो जे आणेल ते. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास खेळण्यांची दुकानं ढीगभर, पण तिथे चावीची आगगाडी मिळायची. भागांची चौकट, डिकाल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) आणि सूचनांचा कागद असलेला खोका क्वचितच दिसायचा, आणि दिसला तर काचेच्या कपाटात, सगळ्यांत वर.

म्हणून ऑफिसने बाहेर पाठवलं की मी आधी हॉटेल बघत नाही. आधी दुकान बघतो, मग त्याच्या जवळचं हॉटेल.

सोमवार, रात्री

कालचाच धागा पुढे.

ही दुकानं रस्त्यावर दिसत नाहीत, याचं कारण साधं आहे: भाडं. एक मनुष्य तासभर खोके चाळतो, दोन उघडून बघायला मागतो आणि शेवटी रंगाची एक बाटली घेऊन जातो. अशा धंद्याला तळमजल्याचं भाडं झेपत नाही. म्हणून दुकान एक तर वर जातं, नाहीतर गल्लीत. नव्या शहरात माझी नजर कायम दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असते. बायको म्हणते, ठेच लागून पडशील एक दिवस.

टोकियोत आकिहाबाराला इमारतीच्या कडेने वरपासून खालपर्यंत उभी पाटी असते आणि त्यावर मजल्यागणिक दुकानांची नावं. लिफ्टमध्ये जेमतेम चार माणसं मावतात. दार उघडलं की थेट दुकानातच, व्हरांडा वगैरे काही नाही. जमिनीपासून छतापर्यंत खोके, आणि दोन रांगांमधून जाताना पाठीवरची सॅक पोटाशी धरावी लागते. लोकलच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. स्टेशनाला लागूनच योदोबाशीचं प्रचंड दुकान आहे. तिथे सगळं मिळतं आणि स्वच्छ मांडलेलं मिळतं. मी तिथून सरळ पाठ फिरवून गल्लीतल्या चौथ्या मजल्यावर जातो. मोठ्या दुकानात आज छापलेलं किट मिळतं. जुनं, बंद झालेलं, कुणीतरी उघडून परत ठेवलेलं हवं असेल तर छोट्या दुकानाला, नाहीतर नाकानो ब्रॉडवे या बाजारसंकुलाला पर्याय नाही.

टोकियोतला एक मोकळा दिवस शिंकानसेनने शिझुओकाला गेलो होतो. किटं बनवणारी तामिया तिथली, आओशिमा आणि फुजिमी या कंपन्याही तिथल्याच, हासेगावा जवळच्या याइझूची. एकाच भागात एवढे सगळे कसे, तर हा पट्टा पूर्वापार लाकूडकामाचा. तामियाही १९४६ मध्ये लाकडाच्या व्यापारातूनच सुरू झाली. आधी लाकडी मॉडेलं केली आणि १९६० मध्ये 'यामातो' युद्धनौकेचं पहिलं प्लास्टिक किट काढलं. जगभर रणगाड्यांसाठी चालणारं १/३५ हे विचित्र प्रमाणही त्यांचंच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मोटरवर चालणारा जर्मन पँथर रणगाडा केला. आत मोटर आणि बॅटरी बसायला हवी, म्हणून रणगाडा जेवढा करावा लागला तेवढा केला. मोजून पाहिलं तर ते प्रमाण १/३५ भरलं. मग सगळ्यांनी तेच धरलं. विमानांचं १/७२ त्यापेक्षा सभ्य आहे: सहा फुटी माणूस बरोबर एक इंच.

बँकॉकला सफान लेकच्या मेगा प्लाझात गेलो तर मला मनीष मार्केटच आठवलं. गुंडाम रोबोंची रांग संपता संपत नाही आणि विमानं कोपऱ्यात. मला रोबोंचं प्रेम नाही, पण पोरांना नाकं मुरडणाऱ्या म्हाताऱ्या मॉडेलवाल्यांत मी बसणार नाही. रोबो विकले जातात म्हणून ते दुकान उघडं आहे, आणि कोपऱ्यातलं विमान त्यांच्याच भाड्यावर राहतं.

जर्मनीत नकाशावर 'मोडेलबाऊ' (मॉडेल बनवणं) शोधायचं आणि रविवार विसरायचा. रविवारी सगळं बंद. शनिवारी छोटी दुकानं दुपारीच कुलूप लावतात. आणि उघडं सापडलं तरी पाऊण दुकान आगगाड्यांचं. मेर्कलिन, फालरची घरं, झाडं, शेवाळ, स्टेशनवर उभी असलेली मटाराएवढी माणसं. तिथल्या किटांत दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांची शेपटी कोरी असते. नाझी चिन्ह जाहीरपणे मिरवायला तिथे कायद्याने मनाई आहे, म्हणून खोक्यावरच्या चित्रातही ते नसतं आणि डिकालच्या कागदावरही नसतं, किंवा दोन तुकड्यांत छापलेलं असतं. मुलीने विचारलं होतं, "बाबा, ह्याचं शेपूट रंगवायचं राहिलं का?" आमच्या दाराच्या चौकटीवर आजीच्या हातचं कुंकवाचं स्वस्तिक आहे, दोन्हींतला फरक तिला सांगायला अर्धा तास गेला.

लंडनला सेव्हन डायल्सपाशी अर्लहॅम स्ट्रीटवर ऑर्क्स नेस्ट आहे, १९८७ पासून. रुंदी आपल्या गिरगावातल्या औषधाच्या दुकानाएवढी. तिथे विमानं नाहीत, युद्धखेळ आहेत: नियमांची पुस्तकं, फासे, २८ मिलिमीटरचे शिपाई.

सी हॉक विमान मात्र मी आणलं ते इंग्लंडातल्याच एका लहान गावातल्या दुकानातून. एअरफिक्सचं, १/७२. गल्ल्यावरच्या आजोबांनी विचारलं, कुठल्या स्क्वाड्रनचं करणार? म्हटलं, विक्रांतवरच्या तीनशे नंबरचं, व्हाइट टायगर्सचं. १९७१ च्या डिसेंबरात याच विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. ते आत गेले आणि विक्रांतचा, म्हणजे तिच्या 'हर्क्युलीस' असतानाच्या अवताराचा एक जुना फोटो घेऊन आले. ब्रिटनने ती अर्धवट बांधून ठेवली होती. आपण १९५७ मध्ये घेतली, पुरी केली आणि १९६१ मध्ये ती आपल्या नौदलात आली. मी त्यांना सांगितलं की मी तिच्यावर चढलोय. ती संग्रहालय झाल्यावर, कॉलेजात असताना. २०१२ मध्ये ते बंद झालं आणि २०१४ मध्ये मुंबईत, दारुखाना नावाच्या जहाजतोडणीच्या जागी, ती तोडायला घेतली. आजोबा म्हणाले, आमच्याही बहुतेक तोडल्या. मग विषय बदलून त्यांनी रंगाचे नंबर काढून दिले.

गुरुवार

आसईबद्दल लिहायचं राहिलंच होतं, आणि खरं तर लिहिण्यासारखं तेच आहे.

इंग्लंडातल्याच दुसऱ्या एका दुकानात, आठवड्यातून एक संध्याकाळ मागच्या खोलीत खेळ मांडतात. नॉटिंगहॅमच्या भागात हे वेड जास्त आहे. गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय तिथे, छोटे शिपाई बनवणारे वॉरलॉर्ड आणि पेरी बंधूही तिथलेच. मी रंगाच्या बाटल्या बघत होतो आणि आतून फाशांचा आवाज येत होता. डोकावलो. सहा फुटी टेबल, हिरवं कापड, दोन निळ्या पट्ट्या म्हणजे नद्या, मध्ये मातीच्या भिंतींचं गाव. एकाने विचारलं, कुठून आलात? मुंबई. तो म्हणाला, "मग तुम्हाला हे गाव ओळखता यायला हवं." मला नाही ओळखता आलं. त्याने सांगितलं: असाय.

आसई, जालना जिल्हा. माझी सासुरवाडी जालन्याची.

२३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला आर्थर वेलस्ली, पुढचा वेलिंग्टन, तेव्हा वय ३४. दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांची फौज. कवायती पलटणी पोलमान नावाच्या हानोव्हरच्या माणसाच्या हाताखाली, त्यांत सरधन्याच्या बेगम समरूच्याही पलटणी. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात सगळं घडलं. वेलस्लीला केळणा ओलांडायची होती आणि वाटाडे सांगत होते की उतार, म्हणजे चालत पार होण्याजोगी उथळ जागा, नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं: या काठावर एक गाव, समोरच्या काठावर दुसरं. एवढ्या जवळ, समोरासमोर दोन गावं आहेत म्हणजे मधून ये-जा असणारच. तिथे गेला, उतार सापडला. ही गोष्ट इंग्रजी पुस्तकांत त्याच्या बुद्धीचा नमुना म्हणून येते. बायकोला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "यात काय एवढं? पलीकडच्या गावात मुली दिलेल्या असतात, उतार नसून कसं चालेल?"

मला त्यांनी पोलमानची बाजू दिली. यजमानांचं सौजन्य म्हणायचं की पराभूत बाजू पाहुण्याला देण्याची रीत, ते कळलं नाही. तोफा मात्र माझ्याकडे भरपूर. त्या दिवशी मराठ्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या, पण त्याआधी त्यांनी जे केलं ते आकड्यांत आहे: वेलस्लीची मुख्य फौज साडेचार हजारांच्या आसपास, आणि मेलेले-जखमी दीड हजारांवर. ७४ वी हायलँडर पलटण गावाच्या दिशेने वाजवीपेक्षा पुढे गेली आणि जवळजवळ संपली. खेळात त्यांनी गोलंदाजांसाठी खास नियम ठेवला होता. इंग्रजांची ओळ तोफांवरून पुढे गेली की पडलेल्या गोलंदाजांसाठी फासा टाकायचा. पाच किंवा सहा आला तर ते उठून तोफा मागे वळवतात. हे खरंच घडलं होतं. मेल्याचं सोंग घेऊन ते पडून राहिले आणि ओळ पुढे जाताच उठून पाठीवर मारा सुरू केला. माझा सहा आला तेव्हा टेबलाभोवतीचे सगळे इंग्रज ओरडले, आनंदाने.

एक गोष्ट खटकली आणि ती मी बोललो. घोडेस्वार सगळेच्या सगळे एकाच भडक केशरी पागोट्यात रंगवले होते, जणू गणवेश. म्हटलं, हे घोडेस्वार आपापल्या घरचे कपडे घालून यायचे. पांढरं, मळकं, लाल, काहीही रंगवा. आणि पेशव्यांकडचे स्वार त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूला होते, तेही टेबलावर दिसत नव्हते. ज्याचे घोडे होते त्याने वही काढून लिहून घेतलं. लढाई अर्धीच राहिली, कारण दुकान बंद व्हायची वेळ झाली. उरलेल्या शिंद्यांच्या पलटणी फोमच्या पेटीत गेल्या.

पण तिथून मी काय आणलं? पांढऱ्या धातूचे मराठा गोलंदाज, आठ जणांचं पाकीट. जो आसईपासून काही तासांच्या अंतरावर राहतो त्याने नॉटिंगहॅमच्या बाजूने आणायचे! बॅगेत मोज्यांत गुंडाळून. रंग आणलेच तर पाण्याचे, व्हालेहोच्या छोट्या बाटल्या. इनॅमल, थिनर आणि स्प्रेचे डबे विमानात हातातही चालत नाहीत आणि पोटातही नाहीत. कातरायची सुरी चेक-इनमध्ये. खोका दाबून सपाट करायचा आणि चौकटी शर्टांमध्ये सरकवायच्या, मग बायकोला बॅगेचं वजन कळतं पण कारण कळत नाही.

आज त्या दुकानातून मेल आली. पुढच्या सप्टेंबरात ते आसई पुन्हा मांडणार आहेत, मोठ्या टेबलावर. प्रश्न असा: जुईचे काठ किती उभे आहेत? घोडा उतरेल का, तोफ उतरेल का? त्यांच्याकडे जुने नकाशे आहेत, काठाचा फोटो नाही. मी मेहुण्याला फोन केला. तो आधी हसला. मग म्हणाला, आत्ता पावसाळा आहे, काठ दिसणार नाही. म्हटलं, मला आत्ताचा नकोच. लढाई २३ सप्टेंबरची, फोटो त्याच सुमाराचा हवा, पाणी तेवढंच असायला पाहिजे. तो म्हणाला, वर बंधारे झालेत, तेव्हाचं पाणी आता कुठून आणू. तरी ये म्हणाला, गणपतीनंतर. गाडीने पिंपळगावापर्यंत सोडेल, पण खोली मोजायला नदीत तो उतरणार नाही, हे त्याने आत्ताच सांगून ठेवलंय.