तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशातल्या बाळंतिणींसाठी काय पाठवावं?

कोल्हापुरात मंडळाची किंवा क्लबाची बैठक असली की हा प्रश्न येतोच: मलावी, नायजेरियासारख्या देशांतल्या बाळंतिणींसाठी वर्गणी काढली, तर कोणतं मशीन पाठवावं? बहुतेकांच्या मनात इन्क्युबेटर असतो. वीज नसली, सुटा भाग मिळाला नाही की तो कोपऱ्यात पडून राहतो. कमी वजनाचं पण स्थिर बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधायला कापड पुरतं. पैसे रक्त मोजायच्या पिशवीवर घाला.

बाळंतपणात आया दगावण्याचं जगभरातलं प्रमुख कारण अतिरक्तस्राव. 500 मिली रक्त गेलं की धोका, पण चादरीत आणि फरशीवर सांडलेल्या रक्ताचा नजरेनं केलेला अंदाज बहुतेकदा कमी पडतो. ही प्लास्टिकची, मिलीच्या खुणा असलेली पिशवी बाळ बाहेर आल्याबरोबर कमरेखाली सरकवायची. आधी लावली तर गर्भजल मिसळून आकडा फसवा येतो. पहिला तासभर दर 15 मिनिटांनी पिशवी, नाडी, बीपी आणि गर्भाशय आवळलंय का, हे बघायचं. 300 मिलीवरच नाडी किंवा बीपी बिघडलं, तर 500 ची वाट बघू नये.

मग सगळं एकदम: गर्भाशयाला मसाज, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम शिरेतून 10 मिनिटांत, सलाईन, वार पूर्ण पडली का, कुठे फाटलंय का. एक उपाय करून थांबायचं, मग दुसरा, या सवयीनं बायका जातात. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत ही पद्धत तपासली गेली. 2023 साली निकाल आला: तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यातून मृत्यू, हे सगळं मिळून 60 टक्क्यांनी घटलं. इतक्या स्वस्त वस्तूंनी!

ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांतच ठेवावं लागतं. दूध नासलं तर वासानं कळतं, हे इंजेक्शन उन्हानं निकामी झालं तरी पाण्यासारखंच स्वच्छ दिसतं. म्हणून पिशव्यांबरोबर औषधाच्या फ्रिजचा खर्च धरा. फ्रिज अशक्यच असेल तिथे रक्तस्राव टाळण्यासाठी बाळ झाल्यावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या (600 मायक्रोग्रॅम) तोंडानं देतात.

पैसे देताना एक अट घाला. हे सगळं सामान प्रसूतिकक्षातल्या एकाच ट्रॉलीत हवं, आणि वापरलेलं त्याच ड्युटीत भरून ठेवायचं काम एका सिस्टरच्या नावावर हवं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड ऑपरेशन थिएटरच्या कुलपात असलं, तर पिशवीनं वेळेवर सांगूनही उपयोग नाही.