तुम्ही विचारलंत म्हणून: उंदराकडून आलं की माणसाकडून?

मी व्हायरसच्या जीनोमवर, म्हणजे त्याच्या संपूर्ण जनुकीय मजकुरावर, काम करते असं कळलं की हा प्रश्न येतोच, की हंटा किंवा लासासारखा उंदरांचा आजार एकाच गावात पाच-दहा जणांना झाला तर तो उंदरांकडून वेगवेगळा आला की एकमेकांकडून लागला, हे तुम्हाला कळतं कसं? मार्च 2020 मध्ये चीनमध्ये बसमध्ये हंटाने एक माणूस गेल्याची बातमी फिरली तेव्हा तर फोनवर फोन, आता हेही पसरणार का म्हणून.

तर व्हायरस स्वतःची कॉपी काढताना चुका करतो आणि त्या चुका पुढे तशाच जातात. परीक्षेत दोन पोरांच्या पेपरात तीच विचित्र चूक दिसली की मास्तर ओळखतात ना, तसंच. हे उंदीर फार लांब जात नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं प्रत्येक भागातल्या उंदरांमधला व्हायरस वेगळा होत जातो. पेशंटांचे जीनोम एकमेकांपासून बरेच लांब निघाले तर प्रत्येकाचा उंदीर वेगळा, आणि जवळजवळ सारखेच निघाले तर मात्र माणसाकडून माणसाकडे गेल्याचा संशय बळावतो, मग कोण कोणाला कधी भेटलं ते शोधायचं.

2018 च्या सुरुवातीला नायजेरियात लासाचे पेशंट एकदम वाढले आणि भीती हीच होती की माणसांत पसरणारा नवा स्ट्रेन आलाय. एदो राज्यातल्या इरुआच्या हॉस्पिटलात तळहातावर मावेल एवढं मिनआयन मशीन लॅपटॉपला जोडून पेशंटच्या सॅम्पलमधून थेट सिक्वेन्सिंग केलं, म्हणजे जीनोम अक्षर-अक्षर वाचला. लासाचा जीनोम जेमतेम 10,700 अक्षरांचा, दोन तुकड्यांत. 36 जीनोम मिळाले आणि ते वंशवृक्षावर इकडेतिकडे विखुरलेले होते, आधीच्या वर्षांतल्या तिथल्याच व्हायरसांचे भाऊबंद. म्हणजे बहुतेकांना तो उंदरांकडूनच, वेगवेगळा आला होता. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की ही माहिती काम चालू असतानाच तिथल्या आरोग्य यंत्रणेला मिळत होती. शोधनिबंध छापून यायची वाट बघत बसलं असतं तर त्या सीझनच्या पेशंटांना काय उपयोग? धान्य झाकून ठेवा, घरात उंदीर येऊ देऊ नका यावर जोर द्यायचा की गावं बंद करायची, हे ठरवायचं असतं ते त्याच आठवड्यात. (हॉस्पिटलात ग्लोव्हज वगैरे काळजी लागतेच, रक्तातून लासा लागतो.)

आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अर्जेंटिनातल्या एपुयेन गावात बरोब्बर उलटं निघालं. तापाने फणफणलेला एक माणूस वाढदिवसाच्या पार्टीला गेला आणि तिथून सुरू झालेल्या साखळीत त्याच्यासकट एकूण 34 जणांना अँडीज व्हायरस, म्हणजे हंटाचाच प्रकार, झाला, 11 जण गेले. जीनोम जवळजवळ एकसारखे, म्हणजे उंदराकडून व्हायरस एकदाच आला आणि पुढची सगळी साखळी माणसांची. तिथे आयसोलेशनच लागलं, आणि एक पेशंट सरासरी 2.12 जणांना देत होता तो आकडा 0.96 वर आला.

फक्त एक सांगते, पेशंटच्या सॅम्पलवर सगळं भागत नाही. 1993 मध्ये अमेरिकेच्या फोर कॉर्नर्स भागात, म्हणजे चार राज्यं जिथे मिळतात तिथे, हंटाच्याच एका प्रकाराने धडधाकट तरुण श्वास कोंडून जात होते आणि लोक तिथल्या नावाहो या मूळनिवासी समाजालाच दूषणं देऊ लागले. मग पेशंटांच्या घराजवळ डिअर माउस जातीचे उंदीर पकडले आणि त्यांच्यातला व्हायरस पेशंटमधल्याशी जुळला. म्हणून उंदीर पकडणाऱ्या टीमलाही सिक्वेन्सिंगएवढाच पैसा मिळायला हवा, असं मी प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणत असते.